भाऊ, पोरगी रात्री उठून बसते, आधी त्याचं पाहा

घाटंजीकडून लिहिणारे भाऊ, तुमचं पत्र तीन पानांचं आहे. त्यातली अडीच पानं नीटची, दुसऱ्या अटेम्प्टलाही ४१२ च आले, वावर गहाण टाकून पोरीला नागपूरला ठेवली अन् आता ती म्हणते मला ॲम्ब्युलन्सवर काम करायचं. अन् शेवटी घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी, की दिवाळीत ती घरी असताना कापूस वेचणीच्या बायांचं पिकअप उलटलं, चौदा बाया होत्या, पोरगी सगळ्यात आधी पोचली, एका बाईचा हात मोडला होता ती जिवाच्या आकांताने ओरडत होती म्हणून ही तिच्याजवळच बसून राहिली, अन् एक बाई बाभळीला टेकून गुपचूप बसलेली होती ती यवतमाळला नेताना रस्त्यातच गेली. तेव्हापासून पोरगी रात्री उठून बसते, म्हणते मी चुकीच्या बाईजवळ गेले. तुम्ही तिला म्हटलं, तुझा काय संबंध, विसर अन् अभ्यासाला लाग.

भाऊ, हे वाचून मला राग आला, खोटं कशाला बोलू. अठरा वर्षांची पोरगी चौदा जखमी बायांत एकटी उभी राहिली, पळाली नाही, मोबाईल काढून व्हिडिओ करत बसली नाही, अन् घरी आल्यावर तिला ऐकायला काय मिळालं तर वावर गहाण आहे. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही, कर्जाचा ताण असला की माणसाच्या तोंडून असं निघते. पण जेवायला बसलं की वावराची गोष्ट काढता हे तुम्हीच लिहिलं आहे. ते आजपासून बंद करा.

आता तिच्या मनात जे अडकलंय त्याबद्दल. हे पत्र तिलाही वाचायला द्या. पोरी, ओरडणाऱ्याकडे आधी धावणं हे सगळ्याच माणसांचं होते, म्हणूनच या कामात जाणाऱ्यांना उलटं शिकवावं लागते. एकच पेशंट असला तर त्याच्यासाठी जे करता येईल ते सगळं करायचं, पण जखमी जास्त अन् हात कमी असले की हिशोब बदलतो, मग जास्तीत जास्त लोकं कशी वाचतील ते पाहायचं. त्याला ट्रायाज म्हणतात. त्याची एक पद्धत आहे स्टार्ट नावाची, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एका हॉस्पिटलने अन् तिथल्या फायर ब्रिगेडने मिळून बसवली. आधी मोठ्यानं सांगायचं, ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली या. जे चालत आले ते हिरवे, त्यांच्याकडे नंतर येता येते. मग उरलेल्यांकडे एकेक करून जायचं, माणशी मिनिटभरापेक्षा कमी वेळ. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल, म्हणजे आधी याला न्यायचं. नख दाबून सोडलं अन् रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लाल. माझा हात दाब म्हटल्यावर दाबता आला नाही तरी लाल. यातलं काहीच नसेल पण चालता येत नसेल तर पिवळा, लालनंतरचा. अन् श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास आला नाही तर काळा, तिथून उठून पुढच्याकडे जायचं. हे सगळ्यात कठीण आहे, ट्रेनिंग घेतलेल्या माणसालाही ते जड जाते.

म्हणजे गुपचूप बसलेल्या बाईकडे आधी पाहायचं असते हे तुला कोणी शिकवलंच नव्हतं. अन् आतून रक्त जात असेल तर ते रस्त्यावर डॉक्टरच्या हातानंही थांबत नाही, त्याला ऑपरेशनच लागते, तिथं असणाऱ्याच्या हाती एवढंच की तिला पहिल्या गाडीत घालायचं.

भाऊ, तुम्ही विचारलं एनडीआरएफचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचा, फॉर्म कधी निघते, निदान सरकारी नोकरी तरी लागेल. हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. एनडीआरएफची थेट भरती होत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर ही फौज उभी राहिली, तिथले जवान बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतून डेप्युटेशनवर येतात, म्हणजे आधी त्या दलाची भरती. आपल्या राज्याच्या आपत्ती दलात, एसडीआरएफमध्येही एसआरपीएफचेच, म्हणजे राज्य राखीव पोलिसांचेच जवान असतात. अन् दुसरं म्हणजे एनडीआरएफची आपल्या राज्यातली बटालियन पुण्याजवळ आहे, आपल्याकडे पोचायला वेळ लागतो. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, २५ जण गेले, अशा ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत असतात ते रस्त्यानं जाणारे, गावातले अन् मग पोलीस, फायर, १०८. मोठ्या अपघातात पहिल्या ॲम्ब्युलन्सनं पेशंट घेऊन लगेच निघून जायचं नसते, हे लोकांना पटत नाही. त्यांनी थांबायचं, किती जखमी, काय धोका, किती गाड्या लागतील ते कळवायचं अन् ट्रायाज सुरू करायचं. मागून येणाऱ्या गाड्या पेशंट नेतात, अन् सगळेच एका दवाखान्यात लोटले जाणार नाहीत हेही कोणीतरी पाहायचं असते. तुम्ही जे ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं काम म्हणता ते हे काम आहे.

आपल्याकडे १०८ वर २०१४ पासून डॉक्टर असतो, त्यात बीएएमएसवाले, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर, भरपूर आहेत, अन् बीएएमएसची ॲडमिशन नीटवरच होते, तर ते ४१२ वाया गेले असं समजू नका. दुसरा रस्ता इमर्जन्सी पॅरामेडिकचा, २०२१ च्या कायद्यानं त्या कामाला मान्यता आहे, पण शंभर टक्के जॉब म्हणणाऱ्या दुकानात पैसे भरू नका, कॉलेजची मान्यता पाहा. फायरकडे जायचं असेल तर राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरातच आहे.

पण माझं ऐकाल तर या महिन्यात कोणताच फॉर्म भरू नका, तिसऱ्या अटेम्प्टचा तर नाहीच. आधी तिची झोप. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, तिला स्वतःला लावू द्या, अन् यवतमाळच्या मेडिकलला मानसोपचार विभागात एकदा दाखवून आणा, त्यात लाजायचं काही नाही. ती सावरली की कलेक्टर ऑफिसात जिल्हा आपत्ती व्यवस्थापनवाल्यांना आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांच्या, बॅचचं विचारा, १८ ते ४० वयाच्या लोकांना बारा दिवसांचं ट्रेनिंग देतात. ते केल्यावरही तिला हेच करायचं असेल तर मग कॉलेजचं बोलू, अन् तेव्हाचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या.