रंग खरखरीत बसला, आता काय?

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी टामिया या जपानी कंपनीचं माझदा रोडस्टर गाडीचं १/२४ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, जोडायचं प्लॅस्टिक मॉडेल किट मागवलं. चाकं, सीटा, खालचा सांगाडा सगळं नीट जुळलं. एप्रिलमधल्या एका दुपारी गच्चीवर बॉडीला लाल स्प्रे मारला, तर बोनेट हाताला खरखरीत लागतंय आणि दाराखाली ओघळ आलाय. रंग बोगस निघाला का? बॉडी फेकावी लागेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : फेकू नका, बॉडी वाचते. जालन्यात मी बरीच वर्षं खऱ्या गाड्यांना रंग मारला. ऐन उन्हाळ्यात भरदुपारी रंगाला हात घालायचा नाही, हा आमच्या गॅरेजातला नेम होता. परभणीच्या चाळिशीपारच्या कोरड्या हवेत स्प्रेमधलं थिनर वाटेतच उडतं. थेंब बॉडीवर पोचतो तोवर अर्धा सुकलेला असतो. तो पसरत नाही, नुसता चिकटतो. तीच ही खरखर. ती झाकायला तुम्ही बहुधा डबा जवळ नेऊन मारला असेल, म्हणून ओघळ.

आता आठवडाभर तरी, रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, बॉडी झाकून ठेवा. मग १५०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक घासकागद, भिजवून, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, हलक्या हाताने फिरवा. ओघळावर बोटाने घासू नका. आइस्क्रीमच्या काडीला पेपराची पट्टी गुंडाळा, म्हणजे फक्त उंचवटा कापला जातो. बोनेटची कड आणि चाकांवरच्या कमानी यांच्यापासून लांब राहा. तिथे रंग पातळ असतो, दोन घासांत खालचं प्लॅस्टिक दिसतं. शेवटी २००० नंबर फिरवा, धुवा, सुकवा.

पुढचा हात पातळच मारा, याचा मला फार आग्रह आहे. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण मिलिमीटरचा दहावा भाग भरतात. तेवढाच थर तुमच्या गाडीवर बसला, तर त्या मापात तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाला! दारांच्या रेघा बुजतात, आणि रेघा बुजल्या की गाडी खेळण्यातली दिसते. म्हणून रंगाआधी त्या रेघांतून सुईचं टोक अलगद फिरवून घ्यावं. तुम्हीही दुसऱ्या हाताआधी फिरवा.

वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत. गच्ची नको. खिडकी उघडी असलेल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. तोंडाला मास्क लावा. डबा वीसेक सेंटीमीटरवर धरा, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, मधे सुकू द्या. तिसरा जरा ओला. डबा उन्हात विसरू नका, फुटतो. पावसाळ्यात दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा झडीच्या दिवसांत थांबा. माझ्या मते आपल्याकडे रंगाला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. दव ओसरलं की सुरू करा.

एक सांगायचं राहिलं. गॅरेजातलं थिनर या प्लॅस्टिकवर आणू नका, पुसायलाही नको. पत्र्याला ते काही करत नाही, पण हे पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

प्रश्न : मॉडेल गाडीची समोरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली, ती आतून पांढरी पडली. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. काच सुटत असेल तर काढा, मऊ सुती कापडावर किंचित टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासा; झाक हलकी असेल तर निघते. परत बसवताना साधा पांढरा फेविकॉल वापरा, टूथपिकच्या टोकाने, फक्त कडेला. सुकला की तो पारदर्शक होतो, आणि ओला असतानाच सांडला तर पाण्याच्या बोळ्याने पुसता येतो.