'प्रतिकारशक्तीचं कर्ज' की 'लागणीचा अनुशेष'?

'इम्युनिटी डेट'ला (कोविडच्या निर्बंधांत नेहमीच्या आजारांची लागण टळल्याने साठलेली उणीव) एका लेखात 'प्रतिकारशक्तीचं कर्ज' म्हटलंय, ते चालेल का, असा प्रश्न आहे.

शब्दाला शब्द म्हणून चालेल, पण अर्थ भलतीकडे जातो. कर्ज म्हटलं की एकेकटा कर्जदार आला. मग वाचकाला वाटतं, टाळेबंदीत घरी बसून मुलांची प्रतिकारशक्ती गंजली. 2021 साली फ्रान्समधल्या बालसंसर्गतज्ज्ञांच्या गटाने ही संज्ञा मांडली, तेव्हा रोख अख्ख्या लोकसंख्येवर होता. विषाणू फिरायचा थांबला की त्याची एकदाही लागण न झालेली मुलं साठत जातात. आयांनाही नव्याने लागण होत नाही, त्यामुळे बाळांना आईकडून मिळणारी प्रतिपिंडं कमी पडतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे 2020च्या हिवाळ्यात मुलांमधला आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा विषाणू) सुमारे 98 टक्क्यांनी घटला. मग निर्बंध सैल झाल्यावर तो ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उसळला आणि नेहमीच्या हिवाळी शिखराच्याही वर गेला. बाधित मुलांचं मध्यक वय होतं 18 महिन्यांच्या वर. आधीच्या 8 वर्षांत ते साडेबारा महिन्यांपुढे गेलं नव्हतं. एरवी पहिल्या वर्षातच गाठली जाणारी मुलं मागे राहिली होती, ती हीच.

याला आपल्याकडे तयार शब्द आहे: अनुशेष. सिंचनाचा अनुशेष एका शेतकऱ्याच्या नावावर नसतो, तो अख्ख्या जिल्ह्याचा किंवा विभागाचा असतो. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने तो जिल्हावार मोजला होता. म्हणून 'लागणीचा अनुशेष'. खोट एवढीच, की अनुशेष 'भरून काढायचा' असतो. मुलांना मुद्दाम आजारी पाडा असं काही कोणी म्हणत नाहीये. तेव्हा 'साठला', 'उतरला' अशी क्रियापदं घ्यावीत.

शब्द सरसकट मात्र लावू नका. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस फारसा थांबलाच नाही. त्याला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि अल्कोहोल त्याच्यावर तितके चालत नाहीत. हाँगकाँगमध्ये 2020च्या शरदात शाळा उघडल्या आणि मुलांच्या तोंडावर मास्क असूनही त्याच्या साथी आल्या. तिथे अनुशेष कसला?

दुसरं टोक 'इन्फ्लुएन्झा बी' या फ्लूच्या विषाणूच्या यामागाता वंशाचं: तो परतलाच नाही, मग अनुशेष उतरणार कसा? मार्च 2020 नंतर तो खात्रीने कुठेच सापडलेला नाही. सप्टेंबर 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीत त्याची गरज उरली नसल्याचं सांगितलं. चार घटकांची लस पुन्हा तीनवर येण्याचं कारण हेच.