वाचक विचारतात : वर्गाची लिंकपेटी आणि विहिरींचा विकी

गेल्या अंकात वर्गात मोबाइल वापरण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली निम्मी तरी एकाच मुद्द्यावर होती, की मुलांना नेटवर पाठवायचं ते पाठवतो पण पुढे काय. मी स्वतः २० वर्षांहून जास्त काळ माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतेय, त्यामुळे जे करून पाहिलंय तेवढंच सांगते.

प्रश्न : मी माण तालुक्यात नववीला भूगोल शिकवते. चांगला व्हिडिओ, चांगला लेख दिसला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, पण परीक्षेच्या वेळी मुलं म्हणतात, बाई, ती लिंक परत टाका ना. सोशल बुकमार्किंग म्हणून काही असतं असं प्रशिक्षणात ऐकलं होतं. ते नक्की काय आणि एवढा खटाटोप करण्यासारखं आहे का?

ताई, करण्यासारखं आहे, पण एका अटीवर, ती पुढे सांगते. व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक दोन दिवसांत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते, आणि आपल्या ब्राउझरमध्ये बुकमार्क केली, म्हणजे खूण करून साठवली, तर ती आपल्यालाच दिसते, मुलांना नाही. सोशल बुकमार्किंग म्हणजे तोच बुकमार्क नेटवर ठेवायचा, त्याला एकदोन शब्दांचा टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावायचा आणि सगळ्या वर्गाने मिळून ती पेटी भरायची. जोशुआ शॅक्टर नावाच्या माणसाने २००३ साली डिलिशस ही साइट काढली तेव्हापासून हे रूढ झालं. २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली, मग ती या हातातून त्या हातात गेली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड नावाच्या तशाच दुसऱ्या साइटने घेतल्यावर तिथे नवीन काही साठवणंच बंद झालं. लेख नंतर वाचायला साठवून ठेवायची पॉकेट नावाची लोकांची आवडती सेवाही जुलै २०२५ मध्ये बंद झाली. हे एवढ्यासाठी सांगतेय की साइट कुठलीही घ्या, दर सत्राच्या शेवटी सगळ्या लिंका एक्स्पोर्ट करून फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. आमच्या वर्गाचं दोन वर्षांचं काम ज्या फुकटच्या साइटवर होतं ती बंद झाली, सूचनेचा मेल आला होता पण तो मे महिन्याच्या सुट्टीत, आणि जूनमध्ये मुलांना काय सांगावं हे मला कळेना.

आत्ताच्या साइटींमध्ये डिगो आणि रेनड्रॉप बघा. डिगोवर वेबपानावरच्या ओळी रंगवता येतात आणि तिथेच चिठ्ठी चिकटवता येते, हे वर्गासाठी फार कामाचं आहे. रेनड्रॉप दिसायला सोपं, पेट्या करायच्या आणि शेअर करायच्या.

आता ती अट. नुसती लिंक घ्यायची नाही. प्रत्येक लिंकेखाली मुलाने स्वतःची दोन वाक्यं लिहायची, आत काय आहे आणि आपल्या धड्याला त्यातलं काय लागेल. सुरुवातीला सगळे "छान माहिती आहे" लिहितात, ते मी परत पाठवते, न रागावता पण दर वेळी. एका मुलीने वाऱ्याच्या कार्यावरचा एक लेख टाकला होता, तिला तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा तिने लिहिलं, "यात चित्र एकपण नाही पण तिसऱ्या परिच्छेदात वाळूची टेकडी पुढे पुढे कशी सरकते ते दिलंय, ते पुस्तकात नाहीये." हे वाक्य लिहायला तिला तो लेख वाचावाच लागला ना, बाकी सगळं तंत्र मला याच्यासाठीच हवंय. नाहीतर ४०० लिंका साठतात, वर्गाला वाटतं आपण अभ्यास केला, आणि वाचलेलं कुणीच नसतं.

टॅगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मराठीत लिहिताना एक खड्डा आहे जो कुठल्याच प्रशिक्षणात कुणी दाखवत नाही. मुलं एकाच गोष्टीला किल्ला, किल्ले, गड, दुर्ग असे चार टॅग लावतात, ते दिसतं तरी, त्यावर बोलता येतं, आणि वर्गात बसून एक शब्द ठरवणं हाच चांगला तास होतो. पण "वाऱ्याचे कार्य" हा टॅग आमच्याकडे दोनदा दिसायचा, अक्षर न् अक्षर सारखं, आणि एकावर टिचकी मारली की दुसऱ्यातल्या लिंका येत नसत. नंतर कळलं की तो अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो, काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात आणि काही साधा र घेऊन त्याला न दिसणारा जोडवर्ण लावतात. आपल्या डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ॲसिडमधल्या ॲचंही तेच, एक अख्खं अक्षर आहे आणि दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं. उपाय सोपा आहे, टॅग म्हणून असे शब्दच टाळायचे, "वाऱ्याचे कार्य" ऐवजी नुसतं "वारा", आणि ठरलेल्या टॅगांचा तक्ता फळ्याशेजारी लावायचा. आमच्या तक्त्यावर ३० शब्द आहेत, नवीन शब्द हवा असेल तर तासाला उठून मागायचा.

प्रश्न : फोंड्याहून लिहितो. आमच्या शाळेत विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता आणि बदलता येईल अशी साइट, करून पाहिला, दहावीच्या मुलांनी विकिपीडियावरचा मजकूर उचलून आमच्या विकीवर चिकटवला. यात शिक्षण काय झालं? आणि ३५ मुलं एकाच पानावर लिहिणार तर गुण कसे द्यायचे?

सर, तुमची निराशा मला नीट कळते, माझा पहिला विकीही असाच झाला होता. पण दोष मुलांपेक्षा विषयाचा असतो. "ज्वालामुखी" असा विषय दिला तर मूल चिकटवणारच, कारण ते सगळं आधीच कुणीतरी चांगलं लिहून ठेवलंय आणि मुलाला त्याहून चांगलं लिहिता येणार नाही हे त्याला माहीत असतं. जे नेटवर नाहीच असं काहीतरी द्या.

आम्ही गावातल्या विहिरी घेतल्या. प्रत्येक विहिरीला एक पान, कुणी खणली, खोली किती पुरुष, कितव्या महिन्यात आटते, पाणी कशाला वापरतात, आत पायऱ्या आहेत का. एका विहिरीच्या पानावर एका मुलाने लिहिलं की ती ७२ च्या दुष्काळात खणली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाने ते खोडून "दुष्काळाच्या आधीची" केलं, पहिल्याने परत ७२ केलं, असं चार वेळा झालं, आणि मला ते कळलं कारण विकीत इतिहास नावाचा टॅब असतो, त्यात कुणी कधी काय बदललं ते सगळं राहतं. मी दोघांना बोलावलं आणि निकाल दिला नाही, फक्त विचारलं, तुला कुणी सांगितलं आणि तुला कुणी सांगितलं. मग दोघं मिळून त्या मळ्यातल्या आजींकडे गेले. आजी म्हणाल्या, विहीर सासऱ्यांच्या वेळची पण ७२ ला तळ लागला म्हणून आणखी खाली खणली, मी स्वतः पाट्या वाहिल्यात. म्हणजे दोघंही अर्धे अर्धे बरोबर होते. पानावर आता ते दोन्ही आहे, आणि खाली लिहिलंय कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. इतिहासाच्या साधनांवरचा धडा मी याआधी पुष्कळदा शिकवला असेल, पण साधन तपासायचं म्हणजे काय हे त्या दोघांना त्या मळ्यात कळलं.

गुणांचं उत्तरही त्याच इतिहास टॅबमध्ये आहे. मी पानाला गुण देत नाही, बदलांना देते. किती वेळा लिहिलं ते मोजायचं नाही, नाहीतर मुलं रोज एक स्वल्पविराम टाकून जातात. प्रत्येकाने सत्राच्या शेवटी स्वतःचे तीन बदल निवडायचे आणि ते का केले ते सांगायचं, त्यातला एक तरी दुसऱ्याच्या मजकुरातला असला पाहिजे. आपल्या मुलांना दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य सुधारायची फार भीती वाटते, आगाऊपणा वाटतो, आणि आपलं कुणी सुधारलं तर राग येतो. दोन्ही हळूहळू जातं, घाई करू नका. विकी ही कल्पनाच मुळात पटकन बदल करता यावा म्हणून आलीय, वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी काढला तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावरच्या विकी विकी बसवरून नाव घेतलं, हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. मुलांना ही गोष्ट सांगा, त्यांना बरं वाटतं की चुकलं तरी झटकन मागे घेता येतं.

प्रश्न : ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, नागपूर. वर्गाचा वेगळा विकी कशाला, थेट मराठी विकिपीडियावरच मुलांना लिहायला लावलं तर?

लावा, पण दोन महिने आधी स्वतः लिहून बघा. २०११ मध्ये पुण्यात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला होता, काही कॉलेजांतल्या शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला दिले. खूप मुलांनी पुस्तकांतून, साइटींवरून जसंच्या तसं उचललं आणि कॉपीराइटचा भंग झालेला मजकूर निस्तरता निस्तरता तिथले स्वयंसेवक दमून गेले, त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. मला वाटतं मुलं वाईट नव्हती, संख्या फार होती आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हणजे काय हे आधी बसून शिकवलं गेलं नव्हतं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला आणि तिथे सरावासाठी धूळपाटी नावाचं पान आहे, आधी तिथे लिहू द्या. आणखी एक, लॅबमध्ये सगळ्यांना एकदम खाती उघडायला बसवू नका, एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती निघतात, सातव्या मुलाला अडवलं जातं आणि तास तिथेच संपतो. खाती घरून उघडून यायला सांगा, किंवा आधी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, जाऊन तिथल्या जाणत्या मंडळींना कळवा, ते मदत करतात. विश्वकोशातला मजकूर उचलायचा नाही, त्याचा संदर्भ द्यायचा. आपल्या गल्लीतल्या मंडळावर लेख केला तर तो काढला जाईल, हेही मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होत नाही.

लेख लिहिणं जड वाटलं तर मराठी विकिस्रोत बघा. तिथे जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं असतात, शेजारी टाइप केलेला मजकूर, तो ताडून बघायचा. तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. ह्रस्वदीर्घाचा इतका चांगला सराव मी दुसरीकडे पाहिला नाही.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. शाळेने कुठल्यातरी साइटवर तिचं पूर्ण नाव, फोटो टाकून खातं उघडायला सांगितलंय. नाही म्हटलं तर शाळेला राग येईल का? (एक पालक, सांगली)

राग येवो न येवो, विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं मूल हे मूलच धरलंय आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते असं त्यात आहे. पण भांडत जाऊ नका, बाईंना पर्याय द्या. वर्गाचं एकच खातं शिक्षकांच्या नावाने ठेवता येतं आणि मुलांनी वाक्याखाली हजेरी क्रमांक लिहिला तरी काम भागतं. विकीही फक्त वर्गापुरता बंद ठेवता येतो. फोटोची तर काहीच गरज नसते.

प्रश्न : आमची वाडीवरची शाळा, दोन कॉम्प्युटर आहेत, नेट दिवसातून तासभर आलं तर आलं. आम्ही काय करावं?

दादा, दोन कॉम्प्युटर पुष्कळ झाले. डोकुविकी म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला डेटाबेस लागत नाही, सगळी पानं साध्या टेक्स्ट फाइलींत राहतात, एका कॉम्प्युटरवर बसवा आणि दुसरा वायरने जोडा, नेट नसलं तरी चालतं आणि सगळा विकी कॉपी करून पेनड्राइव्हवर नेता येतो. तालुक्याला गेलात की किविक्स उतरवून घ्या, त्यात मराठी विकिपीडिया ऑफलाइन वाचता येतो.

आणि लाइट नसेल त्या दिवसासाठी एक दोनशे पानी वही करा. डाव्या पानावर मजकूर, उजवं पान कोरं सोडायचं. खोडताना एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बदल उजवीकडे लिहायचा, पुढे तारीख आणि आपलं नाव, आणि कुणी सांगितलं ते. आमच्या विहिरींचं पहिलं वर्ष अशाच वहीत आहे, ती वही अजून माझ्या कपाटात आहे.