प्रॅक्टिकलला रक्त पाहिलं की भोवळ येते

‘रक्त बघितलं की याला भोवळ येते. मग हा डॉक्टर कसा होणार?’ बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या ओंकारला (नाव बदललं आहे) आमच्याकडे समुपदेशनाला घेऊन आलेल्या वडिलांचा हा पहिलाच प्रश्न. क्रियाशारीरच्या (शरीराचं काम कसं चालतं या विषयाच्या) प्रॅक्टिकलला रक्तगट तपासायचा होता. ओंकार रांगेत शेवटी उभा, पोटात सकाळपासून फक्त चहा. पुढच्या मुलीच्या बोटावर थेंब आला आणि याचे कान बंद झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्र त्याला मोकळ्या हवेत चालवत न्यायला लागले, तर तो दारातच कोसळला.

अशा वेळी चालवत नेऊ नये. आहे तिथेच आडवं करावं, पाय उंच करावेत. मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे शुद्ध हरपलेली असते. उभं ठेवलं तर ते आणखी कमी पडतं.

घरात ‘पोरगं मनाने कच्चं आहे’ असं ठरून गेलं होतं. पण इथे मनाच्या कच्चेपणाचा संबंध नाही. रक्त किंवा सुई दिसली की काही जणांची नाडी आधी वाढते, मग एकदम मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. हा कल बऱ्याचदा घराण्यात असतो. तसं सांगितल्यावर वडील हळूच म्हणाले, ‘इंजेक्शन घेताना मीसुद्धा तोंड फिरवतो.’

मित्रांनी दिलेला ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ हा सल्ला इतर भीतींत चालतो, इथे उलटा पडतो, कारण अंग सैल सोडल्याने घसरता दाब सावरत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात स्नायू ताणण्याचं तंत्र मांडलं, ते नेमकं याच त्रासासाठी. खुर्चीत बसून हात, पोट आणि मांड्यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. श्वास कोंडायचा नाही. मग 20 ते 30 सेकंद नेहमीसारखं बसायचं, अंग ढिलं टाकायचं नाही. असं 5 वेळा, आणि दिवसातून बरेचदा. ओंकारने आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, मगच सराव सुरू केला. धावताना किंवा काही कारण नसताना भोवळ येत असेल, तर समुपदेशकाच्या आधी हृदयाची तपासणी हवी.

मग पायऱ्या. पहिल्या आठवड्यात लाल शाईचे थेंब घेऊन स्लाइडचा सराव. नंतर मित्राच्या बोटावरचा खरा थेंब, बसून आणि स्नायू आवळून. नजर वळवायची नाही. नजर चुकवली की भीती तशीच मुरते. शेवटी स्वतःचं बोट.

त्या दिवशी पोटभर नाश्ता, अर्धा लिटर पाणी आणि बॅचमध्ये पहिला नंबर, हे सरांशी बोलून आधीच ठरवलं, कारण ताटकळत उभं राहणंच घात करतं. बसायला स्टूल. टोचायचा हात सैल, बाकीचं अंग आवळलेलं. अनामिकेच्या कडेला टोचायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. ओलं राहिलं तर झोंबतं, थेंब पसरतो, रक्तपेशी फुटतात. पहिला थेंब पुसून टाकायचा. बोट पिळायचं नाही, पिळलं की पेशींबाहेरचं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब आणि प्रत्येकात रक्तगट ओळखायचं एकेक द्रव्य: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी. मिसळायला प्रत्येकाला वेगळी काडी. एकच काडी फिरवली की निकाल गेलाच. स्लाइड हलवत 2 मिनिटांच्या आत गुठळ्या बघायच्या, कारण वाळलेली कडासुद्धा गुठळीसारखी दिसते. लॅन्सेट (टोचायची सुई) थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात.

या कामात हात गुंतले की भीतीला जागा कमी उरते, हे आम्हाला पुन्हा पुन्हा दिसतं. ज्या द्रव्यात गुठळ्या होतात, तो गट; ओंकारच्या स्लाइडवर ए आणि बी दोन्हीकडे गुठळ्या नव्हत्या. ‘ओ ना सर?’ म्हणून तो जर्नल उघडून बसला. तिथे सरांनी त्याला बॉम्बे रक्तगटाबद्दल सांगितलं. मुंबईत 1952 साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला हा दुर्मीळ गट नुसत्या या स्लाइडवर ओसारखाच दिसतो, म्हणून रक्त देण्याघेण्यासाठी प्रॅक्टिकलचा निकाल कधीच धरत नाहीत. तो ऐकता ऐकता कापूस बोटावर दाबून बसला होता. टोचून झाल्यावरही 10 मिनिटं उठायचं नाही, हे त्याने पाळलं. बऱ्याच जणांना भोवळ टोचून झाल्यानंतरच येते.

पुढे शिरेतून रक्त घ्यायला शिकायचं आहे. तिथे सुई जास्त वेळ आत राहते आणि नळीत रक्त चढताना दिसतं, म्हणून ओंकारने स्नायू आवळण्याचा सराव पुन्हा रोजचा केला आहे.