आधी सांगाडा, मग ब्रेक, इंजिन सगळ्यांत शेवटी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलींच्या ढंगाची, पायडल असलेली इंजिनाची सायकल आपल्याकडच्या साध्या वर्कशॉपमध्ये शून्यापासून बांधता येते, असं मागच्या अंकात या सदरात लिहिलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो. माझं लेथचं वर्कशॉप सांगलीजवळ माधवनगरला आहे. जे सांगतो ते तिथल्या अवजारांच्या हिशेबाने सांगतो.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भंगारातून मोपेडचं ५० सीसीचं इंजिन मिळालं आहे. घरची २८ इंची सायकल कापून ते बसवावं, की फ्रेम नवीन करावी? – एक विद्यार्थी, विटा

आधी कायद्याचं, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ (२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन त्या व्याख्येतून वगळलं आहे. तुमचं इंजिन ५० सीसीचं, म्हणजे तुमची गाडी मोटार वाहन झाली. मग नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. आणि नोंदणीसाठी नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. एकट्यादुकट्याने घरी बांधलेल्या गाडीला हे परवडण्यासारखं नाही. कागद असलेल्या जुन्या मोपेडची मोडतोड करून वेगळीच गाडी उभी केलीत तर तोही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे ते इंजिन कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ठेवा आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी २५ सीसीच्या आतलं शोधा.

आता फ्रेम. सायकल कापू नका, नवीनच करा. जुन्या गाड्यांचं रूप येतं ते इंजिन कुठे बसलंय त्यावरून. १८९७ साली पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी इंजिन पुढच्या चाकावर बसवलं होतं. सगळं वजन वर आणि पुढे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी घसरायची. १९०१ मध्ये त्यांनीच ते खाली, पायडलच्या जागी आणलं आणि तिथून मोटारसायकलीला तिचा आकार मिळाला. त्याच वर्षीच्या पहिल्या रॉयल एनफिल्डचं इंजिन मात्र हँडलच्याही पुढे होतं आणि तिथून मागच्या चाकापर्यंत लांबलचक पट्टा जात होता. कोणती जागा टिकली ते आपण पाहतोच. साध्या सायकलीच्या तिकोनात इंजिन कोंबलं की ते उंच बसतं, पायाला लागतं आणि दिसतंही उपरं.

म्हणून पुढची नळी हेडपासून, म्हणजे हँडलची दांडी जिच्यात फिरते त्या आखूड नळीपासून, खाली येऊन इंजिनाच्या पोटाखालून वळसा घेऊन मागे जाईल अशी फ्रेम करा. नळी १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. सीमलेस मिळाली तर उत्तम. शिवणीची घेतलीत तर वळवताना शिवण वळणाच्या आत किंवा बाहेर येऊ देऊ नका, कुशीला ठेवा. खिडक्यांच्या ग्रिलवाल्यांकडच्या बेंडरमध्ये सव्वा इंची नळी बहुतेक चेपते. त्यापेक्षा जुनी रीत चांगली : चाळलेली वाळू कढईत भाजून पूर्ण कोरडी करायची, नळीत ठोकून ठोकून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारायची आणि गॅसच्या ज्योतीने लाल करत सावकाश वळवायची. वाळू कोरडी म्हणजे कोरडीच हवी. दमट राहिली तर आत वाफ धरते आणि बुच उडून माणसाला लागतं. वळणाची त्रिज्या सहा इंचांपेक्षा कमी करू नका.

जोड पितळाने करा. नळीचं टोक दुसरीच्या गोलाईत प्रकाश दिसणार नाही इतकं कानसून बसवायचं, सुहागा (टाकणखार) लावायचा आणि पितळी सळई वितळवून सांध्यात ओढू द्यायची. पितळ साधारण नऊशे अंशांना वितळतं, पोलाद पंधराशेच्या आसपास. त्यामुळे नळी जळत नाही आणि सांधा बारीक, गोल दिसतो. माझ्या मते जुन्या ढंगाच्या गाडीवर वेल्डिंगचे जाड ओघळ दिसले की सगळी मेहनत वाया जाते.

हेडचा कल आणि फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) मात्र आपल्या २८ इंची सायकलीचेच ठेवा. त्यांची जोडी जमलेली आहे, त्यात हात घालू नका. लांबी चार इंच वाढवली की इंजिनाला जागा होते. सगळे जोड आधी टिपके मारून धरा, मग दोरी घ्या. हेडच्या पुढून वळसा देऊन तिची दोन्ही टोकं मागच्या आसाच्या खाचांना बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पक्का जोड करू नका. सरळ नसलेली फ्रेम नंतर सरळ होत नाही, ती फक्त रंगाखाली लपते.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत गवत कापायच्या मशीनचं २५ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन पडून आहे. ते चालेल का? दाते किती घ्यायचे? – एक बागायतदार, तासगाव

चालेल, आणि आपल्या भागात याहून सोयीचं इंजिन नाही. त्याला सेंट्रिफ्युगल क्लच आधीच असतो, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहतं. कार्बोरेटर साफ करणारा माणूसही तालुक्याच्या गावात सापडतो. फक्त प्लेटवर सीसी नीट वाचा. तशीच दिसणारी बरीच इंजिनं ३५ सीसीची असतात.

हे इंजिन ताकद देतं ते जोरात फिरून. या मापाच्या चांगल्या इंजिनाची ताकद सात हजार फेऱ्यांना साधारण एक अश्वशक्ती. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. ताशी २५ किलोमीटरला चाकाच्या मिनिटाला १९० फेऱ्या होतात. सात हजार भागिले १९० म्हणजे ३७. एवढी घट एका चेनने होत नाही, तीन टप्पे लागतात. पहिला दातेरी पट्ट्याचा, २० दात्यांवरून ८० वर, चारपट. दुसरा चेनचा, ११ वरून ३३, तिप्पट. तिसरा १४ वरून मागच्या चाकाच्या ४४ वर, ३.१४ पट. गुणाकार ३७.७ येतो, म्हणजे सात हजाराला ताशी साडेचोवीस किलोमीटर. मधल्या दोन शाफ्टना ६२०३ नंबरची बेअरिंग घाला, ती कुठेही मिळतात आणि १७ मिलिमीटरचा शाफ्ट लेथवर सहज निघतो. शाफ्टच्या पट्ट्यांना लांबट भोकं ठेवा, नाहीतर चेन ताणता येणार नाही.

पायडलची चेन उजवीकडे राहते, इंजिनाची डावीकडे न्या. मोठं चक्र आऱ्यांना बोल्ट मारून आवळायची पद्धत आहे, ती मला अजिबात पसंत नाही. आरे त्या ओढीसाठी नसतात, एकेक तुटत जातात. हबलाच फ्लँज, म्हणजे सपाट गोल कडा, करून चक्र त्यावर बसवा, १२ गेजचे आरे घाला आणि पट्टा-चेन दोन्हींवर पत्र्याचं झाकण करा. आपल्याकडे धोतर, साडी, ओढणी सगळंच मागे बसतं.

प्रश्न : वडिलांची जुनी सायकल आहे. तिला असं इंजिन लावून यवतेश्वरच्या घाटाने कासला जाता येईल का? – निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, वडिलांच्या सायकलीला हात लावू नका ही माझी विनंती आहे. ती तेल-ग्रीस करून तशीच चालवा. तिचं माप मात्र घ्या आणि त्या मापावर नवीन बांधा.

घाटाचा हिशेब असा : माणूस आणि गाडी मिळून १०५ किलो धरा. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल तर ताशी २० किलोमीटरने जायला नुसत्या चढासाठी सुमारे ३४० वॉट लागतात. चाकांचं घर्षण, वारा आणि तीन टप्प्यांतली गळती धरून इंजिनाकडून ५०० च्या वर मागणी जाते. त्या फेऱ्यांना एवढ्याशा इंजिनाजवळ याहून फारसं जास्त उरत नाही. त्याहून उभ्या वळणावर पायडल मारावेच लागतील. पायडल शोभेचे ठेवू नका, ते खरोखर चालले पाहिजेत, ते यासाठीच.

पण मला चढापेक्षा तुमच्या उताराची जास्त काळजी वाटते. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे, ते जरूर वाचा.

प्रश्न : रॉडचे ब्रेक ठेवले तर गाडी अस्सल जुनी वाटेल. चालतील ना? आणि टाकी कशी करावी? – एक फिटर, पलूस

तुम्ही किर्लोस्करवाडीच्या शेजारचे, म्हणून एक आवर्जून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वाडी वसवली, पण त्यांची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. सायकलीपासून यंत्राकडे जाणारी वाट आपल्याच मुलखातून गेलेली आहे, तेव्हा काम त्या तोडीचं करा.

रॉडचे ब्रेक चालणार नाहीत. स्टीलच्या रिमवर रबरी गुटका पावसात धरत नाही, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात २५ ऐवजी ताशी ४० वेग झाला, आणि घाट उतरताना तो होतोच, तर थांबवायची ऊर्जा अडीचपट होते. जुन्या मोपेडचे ड्रम ब्रेकचे हब घ्या, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पुढच्या ड्रमची अडकपट्टी फोर्कला पक्की बांधा, कारण ब्रेक दाबल्यावर सगळा पीळ तिथे येतो. फोर्कच्या पुढून दोन आधाराच्या सळया हेडपर्यंत नेल्यात तर मजबुती येते आणि जुनं रूपही. रॉडची शोभा हवी असेल तर लिव्हर जुने लावा आणि ओढ केबलने द्या.

माझ्याकडे कुणी अशी गाडी घेऊन आला तर मी आधी इंजिन न लावता ती उतारावर ढकलून ब्रेक बघतो. तुम्हीही हीच रांग ठेवा.

टाकी चपटी, वरच्या दोन समांतर नळ्यांमध्ये टांगलेली, दीड लिटरची पुरे. २२ गेजचा पत्रा, कडा दुमडून कथलाचा डाग. तोंडं बंद करून आत हलकी हवा द्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. जुन्या गाडीची टाकी कापून वापरायचा विचार असेल तर सोडा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते, आतल्या वाफेने ती ज्योत लागताच फुटते.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या उसातून येतं, पण ते पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कोरडी ठेवा. पाइपही ई-२० ला चालणाराच घ्या, साधं रबर फुगून मऊ पडतं.

प्रश्न : मी नववीत आहे. मला इंजिनाऐवजी मोटर लावून जुनी दिसणारी सायकल करायची आहे. पप्पा नको म्हणतात. – एक विद्यार्थी, मिरज

हे उत्तर पप्पांना वाचायला दे. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर नियमाने ती सायकलच मानली जाते. त्यासाठी अशी चाचणी झालेलं आणि तसं प्रमाणपत्र असलेलंच किट घ्या, बिलावर वॉट लिहून घ्या.

बॅटरी वरच्या नळ्यांमधल्या चपट्या टाकीत बसते आणि बाहेरून कळतही नाही. टाकीला खाली हवेसाठी आणि पाणी निथळायला भोकं ठेव, बॅटरीजवळ फ्यूज घाल. चार्जिंग घरातली मोठी माणसं जागी असतानाच करायचं. या सुट्टीत मात्र मोटर विकत घेऊ नकोस. सायकलच्या दुकानात बसून चाक बांधायला शीक. आरे ओवणं आणि चाकाची लचक काढणं जमलं की पप्पांना घेऊन वर्कशॉपवर ये, फ्रेमचं माप मी काढून देतो.