शेवटच्या पत्त्याला बोर्डवर जोडी लागली तर?

प्रश्न : टेक्सस होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार; प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, बोर्डवर पाच सामायिक) माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम गुलाम होता. फ्लॉपला (बोर्डवरचे पहिले तीन पत्ते) बदाम नव्वी, बदाम चव्वी, किलवर राणी. टर्नला (चौथा पत्ता) बदाम दुर्री, म्हणजे माझा फ्लश (एकाच रंगाचे, इथे बदामचे, पाच पत्ते) झाला. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) इस्पिक नव्वी पडली. फ्लॉप आणि टर्नला माझी बेट कॉल करणाऱ्याने (तेवढ्याच चिप्स घालणाऱ्याने) आता चेक केलं (काही न लावता पाळी सोडली). पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) १२०० चिप्सचा. फुल हाउसच्या (तीन एकसारखे आणि एक जोडी) धास्तीने मीही चेक केलं, तर त्याने एक्का-नव्वी दाखवली आणि मीच जिंकलो. चुकलं का?

उत्तर : चुकलंच, बेट लावायला हवी होती. पत्ते मोजून बघा. बाहेर दोनच नव्व्या उरल्यात. राणी-नव्वी ६ प्रकारे येते, चव्व्यांची जोडी ३, दुर्र्यांची ३. फुल हाउसचे नेहमीचे हात झाले १२. राण्यांची जोडी असती तर त्याने बहुधा फ्लॉपआधीच रेज केलं (बेट वाढवली) असतं. उलट नुसत्या ट्रिप्स (हातात एक नव्वी, बोर्डवर दोन) बघा : एक्का-नव्वी ६, राजा-नव्वी ८, दश्शी-नव्वी ८, असे २२ हात. त्यातले सगळे टर्नपर्यंत टिकत नाहीत हे खरं, पण फ्लॉपवर दोन बदाम दिसत असताना सेट (हातात जोडी, बोर्डवर तसाच तिसरा पत्ता) किंवा दोन जोड्यावालाही सहसा नुसता कॉल करत बसत नाही. शिवाय छोटे फ्लश आहेतच.

बेट ४००ची ठेवा. त्याला १६०० मिळवायला ४०० घालायचे, म्हणजे पाचांत एकदा जिंकला तरी पुरतं. राणीची एकटी जोडीही कॉल करते. १२०० लावले की ती पळते, ट्रिप्सवाला विचारात पडतो आणि उरतात तुम्हाला हरवणारेच.

४००वर त्याने १८०० केले तर? १४०० घालून ४८००चा पॉट, म्हणजे २९ टक्के वेळा तरी जिंकायला हवं. घरगुती डावात रिव्हरला चेक-रेज (आधी चेक, मग समोरच्याची बेट वाढवणं) करून ब्लफ मारणारे विरळा. फोल्ड करा (पत्ते टाकून द्या), मग हातात एक्क्याचा फ्लश का असेना.

जोडी कोणत्या पत्त्याची लागली तेही बघा. नव्वीऐवजी दुसरी दुर्री आली असती, तर बेट पॉटच्या दोन-तृतीयांशपर्यंत नेता आली असती. दुर्री धरून टर्नपर्यंत कोण येतो? सेटवाल्याला मात्र कुठलीही जोडी चालते. राणी-चव्वीवाल्याचं तर नव्वीने नुकसानच केलं : त्याची चव्वीची जोडी बाद, आता एक्का-राणीही त्याला हरवते.

प्रश्न : तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. इथेही तसंच ना?

उत्तर : नाही, उलटं. इथे फ्लश (कलर) स्ट्रेटच्या (सिक्वेन्सच्या) वर आणि फुल हाउस फ्लशच्या वर.