धृपद धरण्यापुरते बळ

प्रश्न : गेल्या वर्षी भाद्रपदात माझे यजमान हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आमचे घर माळकरी आहे. गावातल्या विठ्ठल मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो आणि त्यात ते बावीस वर्षे टाळ घेऊन उभे राहत. ते गेल्यापासून मी मंदिराची पायरी चढलेली नाही. घरातला सांजदिवासुद्धा आता सूनच लावते. नुकतेच वर्षश्राद्ध झाले. नातेवाईक म्हणतात, सात दिवसांचे पारायण कर, त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी करून ये, म्हणजे मनाला शांती मिळेल. पण पोथी उघडली, तरी डोळ्यांपुढे अक्षरे ठरत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मला विठ्ठलाचा रागच येतो. हे पाप आहे का? मी सुरुवात तरी कोठून करावी?
— एक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर : ताई, आधी रागाविषयी बोलू, कारण पत्रात आपण तो शेवटी आणि संकोचाने लिहिला आहे. ज्या परंपरेत आपण वाढलात, त्या परंपरेत अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई संत म्हणून वंदनीय आहे. रागावायलाही समोर कोणी तरी असावे लागते, आणि आपल्या रागासमोर अजून तोच उभा आहे. यात पाप कसले?

दुःख आवरत नाही, याचीही लाज नको. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांची अवस्था वर्णिली आहे. थोरले बंधू आणि प्रत्यक्ष गुरू असूनही त्यांचे मन काही केल्या ठिकाणावर येत नाही, बांध घातलेल्या तळ्याचा पाट फुटावा तसे होते. त्यांचे हे झाले, तर आपण एका वर्षात सावरायला हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता सुरुवातीविषयी. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची एक पत्नी अन्न अन्न करीत गेली, व्यापार बुडाला आणि गावातला मान गेला. पुढे काय केले, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे, आणि त्यातला क्रम मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. देवाचे देऊळ भंगलेले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. म्हणजे पहिले काम हातांचे होते. मग ते एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला आपले चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते स्वतःच देतात. त्यानंतर संतांची काही वचने, सगळी नव्हेत, पाठ केली. आणि पुढे गाणारे गात असत, त्यांच्या मागे उभे राहून धृपद, म्हणजे अभंगाचे पालुपद, धरले. ज्यांची गाथा आज घरोघरी आहे, त्यांनी शोकानंतर देवाच्या दारात घेतलेली जागा ही मागच्या रांगेतली होती. मन शांत झाल्यावर ते देवळात गेले नाहीत. हात आणि पाय आधी गेले, मन बऱ्याच उशिरा पोहोचले.

म्हणून पारायण आणि मोठे विधी तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. पण ज्या मनाला चार ओळी पेलत नाहीत, त्याच्यावर सात दिवसांचा नेम लादला आणि तो मोडला, तर दुःखात अपराधीपणाची भर पडते. सांजदिवा मात्र सुनेकडून परत आपल्या हाती घ्या. वात वळावी, तेल घालावे, काडी ओढावी. प्रार्थना सुचली नाही, तरी चालेल. महिन्यात दोन एकादशा येतात. त्यांपैकी एका संध्याकाळी मंदिरापर्यंत चालत जा आणि बाहेरच थांबा. हरिपाठाच्या 27 अभंगांतला पहिलाच अभंग देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्याविषयी आहे. आत जाऊन बसण्याची अट त्यात नाही. क्षणभरात गलबलून आले, तर परत या. पुढची एकादशी पंधरवड्यावर असतेच.

एक सावधगिरी सांगतो. ‘बरे झाले देवा, निघाले दिवाळे’ हा तुकोबांचा चरण सांत्वनाला आलेले लोक हमखास ऐकवतात. ज्याचे दिवाळे निघाले, त्यानेच तो उच्चारायचा आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तो ठेवण्याची घाई मला निर्दयपणाची वाटते. कोणी ऐकवला, तर ‘माझ्या तोंडी अजून आलेला नाही’ एवढेच सांगावे. तसेच झोप आणि अन्न यांवरची वासना गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. औषधाने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

यजमानांच्या टाळांचे काय झाले, हे आपण लिहिलेले नाही. बहुधा ते देवघराजवळच्या खुंटीला असतील आणि वर्षभर कोणी हात लावला नसेल. वाजवायचा विचार इतक्यात नको. एखाद्या दुपारी ते उतरवून पुसून घ्या, आणि बावीस वर्षांच्या घामाने दोरी कुजली असेल, तर नवी ओवून ठेवा.